परसबागेत वानरं, कुत्री, घुशी: कुणालाही न मारता बंदोबस्त कसा करावा?

फैजपूरची_सून

नमस्कार मंडळी. आमचं घर फैजपूरच्या कडेला, वस्तीच्या शेवटच्या ओळीत आहे. मागचं दार उघडलं की केळीच्या बागा आणि त्यांच्या वर सातपुडा दिसतो. घरामागे दोनेक गुंठे जागा आहे, ती सगळी सासूबाईंच्या हातची. शेवग्याची दोन झाडं, सीताफळ, पेरू, कढीपत्ता, कुंपणावर वाल आणि गिलक्याचा वेल, एका वाफ्यात भरताची वांगी (बियाणं बामणोदचंच हवं, त्यात त्या कुणाचं ऐकत नाहीत), बाजूला मेथी-पोकळा. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बागेचं सगळं माझ्याकडे आलंय. त्या पडवीत खाटेवर बसून सांगतात आणि मी करते.

फाल्गुन लागला की वानरांची टोळी येते. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. पिल्लं पोटाशी घेऊन माद्या असतात, एक मोठा हुप्प्या भिंतीवर बसून राहतो. शेवग्याचा कोवळा पाला ओरबाडतात, वालाची फुलं आणि शेंगा खातात, पेरूला एक चावा घेऊन फेकतात. दुपारी गल्लीतली कुत्री मेथीच्या वाफ्यात खड्डा करून झोपते. तिला हाकललं की ती शेजारच्या वाफ्यात जाऊन उकरते. धुण्याच्या दगडाजवळ भिंतीखाली घुशीने बीळ केलंय. खारी ठिबकच्या नळ्या कुरतडतात, सकाळी पाणी सोडलं की चार ठिकाणी कारंजी.

शेजारच्या काकांना आमची काळजी आहे, त्यांनी उपाय सुचवले. कणकेच्या गोळीत थिमेट हे शेतातलं विषारी औषध घालून ठेव. घुशीसाठी दुकानातून चिकट पुठ्ठे आण. भिंतीवर तार ओढून रात्री करंट सोड. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, दिवसभर अनवाणी मागे-पुढे करतो. पण तो नसता तरी मला हे करायचं नव्हतं. त्या कुत्रीला मी पिल्लांसकट दिवाळीपासून बघतेय. विष घालून तिला मारायचं आणि त्याच वाफ्यातली मेथी ताटात वाढायची, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

दुसरी अडचण घरातली. सासूबाई म्हणतात, "हनुमानाचं सैन्य ते, चार शेंगा खाल्ल्या तर काय बिघडलं," आणि रोज सकाळी भिंतीवर भाकरीचे तुकडे ठेवतात. त्यांना दुखवायचं नाही. पण मीही राबते त्या बागेत.

कुणी स्वतः करून पाहिलेलं काही असेल तर सांगा. मोठं लोखंडी शेड करायची ऐपत सध्या नाही.

चोपड्याची_आत्या

सूनबाई, बागेचं मला फार कळत नाही, पण गच्चीचं कळतं. आमच्याकडे उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, उडदाचे पापड सगळं गच्चीवर वाळतं. पूर्वी वानरं, खारी, कावळे सगळ्यांचाच वाटा जायचा. आता आम्ही खाटा उलट्या घालतो, पाय वर. त्या चार पायांवर जुनी मच्छरदाणी ताणून बांधतो आणि खालच्या कडेला विटा ठेवतो. आत ऊन लागतं, वारा लागतो, धूळही कमी बसते. वानर येऊन जाळीला हात लावतं, खालचं हाताला येत नाही म्हटल्यावर पुढच्या गच्चीवर जातं. लाल मिरची मात्र उघडीच वाळवतो, तिच्या वाटेला कुणी जात नाही.

तुझ्या रोपांच्या वाफ्यालाही असंच करून बघ. बांबूच्या कमानी कर, त्यावर मच्छरदाणी टाक. लुगड्याचं कापड नको, खाली अंधार होतो आणि रोपं पिवळी पडतात.

आणि सासूबाईंना म्हणावं, चोपड्याच्या आत्याही दर शनिवारी मारुतीला जातात. देवाचं देवळात द्यावं. भिंतीवर ठेवलं की वानराला घराची सवय लागते. आमच्या गल्लीत एकीच्या हातातली पिशवी हिसकावली, तिचा खांदा ओरबाडला. दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली.

शिरपूरकर_पाटील

ताई, एवढा विचार कशाला करता भो. पाइपची बंदूक आणा. कार्बाइड टाकायचं, थोडं पाणी, लायटर, धडाम. वानर महिनाभर फिरकत नाही. आमच्या मक्याला रानडुकरं यायची, तिथे आम्ही चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या आणि रात्री एक-दोनदा ही बंदूक वाजवतो. साडी वाऱ्याने हलते, माणसाचा वास असतो, डुक्कर बिचकतं. नवीन साड्या मागू नका कुणाला, जुन्याच चालतात.

रावेरचे_नाना

पाटील, साड्यांचं बरोबर आहे, पण त्या बंदुकीचं नाव घरात लहान मूल असलेल्या बाईला सांगू नका. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू होतो, आणि तो कधी पेट घेईल ते आपल्या हातात राहत नाही. माणूस काय करतो, बार झाला नाही म्हणून नळीत डोकावून पाहतो आणि त्याच क्षणी तो होतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच खेळण्याने कितीतरी पोरांचे डोळे भाजले, काहींची नजर गेली. तुमच्या शिरपूरपासून हद्द किती लांब आहे? तुमच्याकडची नळी असेल ती मोडून टाका, ही माझी हात जोडून विनंती.

आता सूनबाई, तुमच्याकडे येतो. मी कृषी खात्यात सहाय्यक होतो, सगळी नोकरी रावेर-यावल पट्ट्यात गेली. निवृत्त झाल्यावर स्वतःची परसबाग केली आणि तुम्ही सांगता ती सगळी मंडळी माझ्याकडेही येतात.

बागेत शिरलेलं प्रत्येक जनावर काही ना काही शोधत आलेलं असतं. ते काय शोधतंय ते ओळखलं की निम्मं काम झालं. नुसतं हाकललं तर ते दुसऱ्या वाटेने परत येतं, कारण त्याची गरज तशीच असते.

तुमच्या कुत्रीचंच बघा. तिला मेथी नकोय, तिला गार माती हवीय. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या वर जातो, फरशी तापते, धूळ तापते. अख्ख्या गल्लीत ओली सावली एकच, तुमचा वाफा. तेव्हा तिला दुसरी ओली सावली करून द्या. भिंतीच्या उत्तरेला किंवा एखाद्या झाडाखाली, वाफ्यापासून लांब, दीड-दोन हात लांबीचा उथळ खड्डा खणा, वाळू-माती भरा, सकाळी भाजी धुतलेलं पाणी त्यात ओता. शेजारी पाण्याचं मातीचं भांडं ठेवा. त्याच दिवशी वाफ्यात पऱ्हाट्या खोचा. कपाशी उपटल्यावर बांधावर ढीग पडलेले असतात, कुणीही आनंदाने देईल. वीतभर लांबीचे तुकडे करून, टोक वर, चार-चार बोटांवर उभे खोचायचे. टोचतील इतके टोकदार करायचे नाहीत, बसायला अडचण झाली की पुरे. मेथी त्यांच्यामधून उगवते. मांजरं रोपवाटिकेत घाण करतात त्यालाही हाच इलाज. आणि पाणी सकाळऐवजी संध्याकाळी द्या, म्हणजे भर दुपारी वरची माती कोरडी असते.

त्या कुत्रीची नसबंदी आणि रेबीजची लस नगरपरिषदेकडून करून घ्या, लेखी अर्ज द्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत हे काम स्थानिक संस्थेचं आहे आणि शस्त्रक्रिया झालेलं गल्लीतलं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं आहे. ते योग्यही आहे. ओळखीचं, लस टोचलेलं कुत्रं गल्लीत असलं की बाहेरची कुत्री तिथे सहसा टिकत नाहीत. ते उचलून लांब सोडलं तर रिकामी जागा दुसरं कुणीतरी भरतं, आणि त्याला ना लस असते ना तुमची ओळख.

खारींचं. उन्हाळ्यात खार नळी कुरतडते ती बहुतेक पाण्यासाठी. नळीत पाण्याचा आवाज असतो, ओल असते. दातही सतत वाढत असतात, ते झिजवायला काहीतरी लागतंच. नळी दोन इंच मातीखाली घ्या, ड्रिपर असेल तिथेच वर काढा. वर केळीची वाळलेली पानं अंथरा, ओलही टिकेल. आणि झाडाच्या बेचक्यात, कुत्रीच्या भांड्यापासून लांब, एक पसरट मातीचं ताट पाण्याने भरून ठेवा. ते रोज भरलं पाहिजे. दोन दिवस कोरडं राहिलं तर खार पुन्हा नळीवर. जळगाव जिल्ह्यात ठिबक घरोघरी आहे आणि ही तक्रारही घरोघरी आहे. ज्यांनी नळ्या झाकल्या आणि पाणी ठेवलं त्यांच्याकडे ती खूप कमी झाली, हे मी शेतांतून फिरताना पाहिलंय.

आता वानरं. तुम्ही वर्णन केलंत ती हनुमान लंगूर. लाल तोंडाच्या माकडाशी त्यांची गल्लत करू नका, दोघांचा स्वभाव वेगळा. माकड गालाच्या पिशवीत भरून पळतं, स्वयंपाकघरात शिरतं. वानर मुळात पाला खाणारं. त्याचं पोट गुराच्या पोटासारखं कप्प्यांचं असतं, पाला आंबवून पचवण्यासाठी. म्हणून तुमचा शेवगा आणि वाल आधी जातो. फाल्गुनातच का येतात? सातपुड्याचं रान पानगळीचं. साग, सालई, अंजन सगळं तेव्हा उघडं पडतं, नाले आटतात, आणि खाली तुमच्या केळीपट्ट्यात सगळं हिरवंगार. डोंगरात जुनं रान दाट होतं तेव्हा नाल्याकाठी उंबर, जांभूळ होते, त्यावर त्यांचा उन्हाळा निघायचा. ते आपण तोडलं. वानर आपल्या दारात आलंय ते यामुळे, हे मला मनापासून वाटतं. म्हणून त्याच्यावर दगड उचलायला माझा हात धजत नाही.

दोन गुंठे पूर्ण बंद करायला जाऊ नका. खर्च मोठा आणि वानर बारा-पंधरा फुटांची उडी सहज मारतं. जे वाचवायचंच आहे तेवढंच वाचवा. वांगी आणि वाल एका वाफ्यात आणा आणि त्यावर पिंजरा करा. बांबूचे खांब, चारी बाजूंनी आणि वरून वेल्डमेशची जाळी, आत शिरायला झापा. उंची माणूस उभं राहील एवढी. जाळी खाली जमिनीत दीड फूट जाऊ द्या आणि तिथून बाहेरच्या बाजूला एक फूट वळवा, म्हणजे घूस खालून येणार नाही. खालच्या भागाला अर्धा इंची भोकाची, वर एक इंची चालते. बांबू दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतील. लोखंडी शेडच्या मानाने खर्च फारच कमी.

शेवगा उंच जाऊ देऊ नका. शेंगा उतरल्या की खोड चार फुटांवर छाटा, तो जोमाने फुटतो. बुटका असला की हंगामात त्याच्यावर जाळी टाकता येते. घराच्या छतावर झुकलेल्या फांद्या काढा, वानराचा रस्ता तोच असतो.

पेरू आणि सीताफळाला पिशव्या घाला. आपल्याकडे केळीच्या घडाला घालतात त्या पांढऱ्या स्कर्टिंग बॅगा, एकदा वापरून झालेल्या, ओळखीच्या बागायतदाराकडून मागून आणा. कापून लहान करा, फळ लिंबाएवढं झालं की घालून तोंड बांधा. हवा खेळते, फळमाशीही बसत नाही, आणि वटवाघळाला रात्री पिकलेला पेरू सहज सापडत नाही.

बाहेरच्या कडेला त्यांना न आवडणारं लावा. मिरची, हळद, आलं, लसूण, लिंबू, गवती चहा याला वानर सहसा हात लावत नाही. कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी. शेळी अडुळसा खात नाही हे आपल्याकडे गुराखी पोरालाही ठाऊक असतं. मोकाट गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. शेर नावाचं झुडूप लावू नका, त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो आणि तुमच्याकडे पोरगं आहे.

हाकलायचं असेल तर टोळी भिंतीवर दिसताक्षणी, खाली उतरून खायला लागण्याआधी. घरातल्या सगळ्यांनी एकदम बाहेर यायचं, डबा-ताट वाजवायचं. पळून जायला एक बाजू मोकळी ठेवायची. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. रोज, न चुकता. एक दिवस डबा आणि दुसऱ्या दिवशी भाकरी असं झालं तर वानराला काहीच कळत नाही. वाघाचं बाहुलं काही दिवस चालतं, मग त्याच्याच डोक्यावर बसतात. ठेवायचंच असेल तर रोज जागा बदला आणि टोळी गेली की आत उचलून ठेवा. पकडून लांब सोडायचा विचार कुणी सांगेल, तो करू नका. वानराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. वानर जखमी दिसलं, विजेच्या तारेला चिकटलं, तर १९२६ हा वनखात्याचा नंबर आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची भावना मी समजू शकतो. त्यांना एवढंच सांगा की भाकरी त्या जिवाला मानवत नाही, पाल्याचं पोट आहे त्याचं. आणि माणसाच्या हातचं खायला शिकलेलं वानर पुढे कुणाला तरी चावतं आणि मार खातं. सैन्याची सेवा करायचीच असेल तर पावसाळ्यात नाल्याच्या काठाला, वस्तीपासून लांब, उंबराची आणि जांभळाची रोपं लावा. गुडघ्यामुळे त्यांना जाता येणार नसेल तर रोपं त्यांनी घरी पिशवीत वाढवावीत, तुम्ही आणि नातवाने नेऊन लावावीत.

काकांच्या उपायांबद्दल. थिमेट म्हणजे फोरेट, त्यावर डिसेंबर २०२० अखेर देशात बंदी आली. कुणाच्या कोठीत जुना डबा असेल तर तो विष म्हणूनच समजा. कातडीतूनही अंगात भिनतं ते. विष खाऊन मेलेली घूस कावळा खातो, गव्हाणी घुबड खातं, आणि मग रात्रीतून दोन-चार उंदीर उचलणारा तुमचा फुकटचा राखणदार जातो. तारेत घरातला करंट सोडणं तर सरळ गुन्हा आहे. त्याने रानडुकरं मरतात, बिबटे मरतात आणि पहाटे पाणी धरायला गेलेला शेतकरी स्वतःही मरतो. शेताला सौरकुंपण वेगळं असतं, त्यात क्षणभराचा झटका देणारं यंत्र असतं, सलग प्रवाह नसतो. त्याने जनावर दचकून मागे सरतं. त्याला जन-वन विकास योजनेतून वनालगतच्या गावांना अनुदान मिळतं, पाटलांनी मक्यासाठी त्याची चौकशी करावी.

सर्पमित्र_चाळीसगाव

नानांनी बरंच सांगितलं. मी फक्त जाळी, बीळ आणि साप एवढंच सांगतो, कारण आमच्याकडे गौताळा अभयारण्याच्या बाजूला मला येणारे निम्मे फोन याच कारणाने असतात.

मऊ नायलॉनची जाळी जमिनीला टेकवू नका. धामण किंवा नाग उंदरामागे त्यात डोकं घालतो, अर्धा जातो, मग अंग अडतं. सापाचे खवले मागच्या दिशेने असतात, त्यामुळे त्याला मागे सरकता येत नाही. तो जेवढा जोर लावतो तेवढा दोरा कातडीत रुततो. उन्हात दोन-तीन तास असा राहिला तर संपतो. मी कात्रीने एकेक दोरा कापून काढलेल्या धामणी पाहिल्या आहेत, काही वाचल्या, काहींना उशीर झाला होता. म्हणून फळझाडावर टाकलेली मऊ जाळी जमिनीपासून निदान फूटभर वर संपली पाहिजे आणि ताणलेली पाहिजे, लोंबती नको. रंग पांढरा घ्या, पाखरांना दिसतो. हंगाम संपला की काढून गुंडाळून घरात ठेवा. आत्याबाईंची मच्छरदाणी चालेल, भोकं बारीक असल्याने त्यात साप अडकत नाही. नानांची वेल्डमेश ताठ असल्याने तीही बरी.

घुशीचं बीळ लगेच सिमेंटने बंद करू नका. आत पिल्लं असतील तर ती गुदमरून मरतील, आणि वास सुटेल तो वेगळा. घूस दुसरीकडून उकरून घरात येईल. आधी तोंडाशी कागदाचा बोळा सैल कोंबा. रात्री हलला तर बीळ चालू आहे. तिचं खाणं बंद करा. धुण्याच्या जागी भांड्यांतलं खरकटं मोरीत जातं का बघा, मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. खतखड्ड्यात भाकरी-भात टाकू नका, फक्त पाला आणि भाजीची देठं. धान्य पत्र्याच्या कोठीत. खाणं संपलं की घूस जागा सोडते. सलग तीन-चार रात्री बोळा तसाच राहिला की मग दगड, जाळी आणि सिमेंट. हे करताना बिळात हात घालायचा नाही, काठीही नाही. घुशीच्या सोडलेल्या बिळात नाग राहतो, ही माझ्या रोजच्या कामातली गोष्ट आहे.

दुकानातल्या चिकट पुठ्ठ्यावर घूस टिकत नाही, ती ओढून काढते आणि अर्धी सोललेली फिरते. अडकतात ते खार, पाल, सरडा, चिमणी. आणि अडकलेला जीव लगेच मरत नाही, तहानेने तडफडत राहतो. उंदीर पकडायचे असतील तर साधा तारेचा पिंजरा आणा, सकाळ-संध्याकाळ बघा, भर उन्हात ठेवू नका.

साप येऊ नये म्हणून लोक डांबराच्या गोळ्या टाकतात, कार्बोलिक ॲसिड शिंपडतात. साप त्याने थांबत नाही. गोळ्या लहान मूल मिठाई समजून तोंडात घालतं आणि ॲसिडने पाय भाजतात. त्यापेक्षा विटा, लाकडं, पऱ्हाट्यांचा ढीग घराच्या भिंतीला टेकवू नका, दाराखालची फट बंद करा. रात्री बागेत जाताना टॉर्च आणि पायात बूट. तुमच्या मुलाला अनवाणी संध्याकाळनंतर मागे पाठवू नका. मण्यार आणि घोणस बहुतेक रात्री फिरतात. चुकून कुणाला चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय हलू न देता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना.

फैजपूरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्या, नाना, दादा, तुम्ही एवढा वेळ काढून लिहिलंत. मी सगळं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. पोटाच्या कप्प्यांचं ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाकरीने त्याचं पोट दुखत असेल तर ते पुण्य कसलं." आज सकाळी भिंतीवर तुकडे नव्हते. उंबराची फळं कधी पिकतात, बी कसं काढायचं हे त्यांनी स्वतः विचारायला सांगितलंय.

कुत्रीसाठी हौदामागे खड्डा केला. तिने अजून मेथीचा हट्ट सोडलेला नाही, पण पऱ्हाट्या खोचल्यापासून ती वाफ्याच्या कडेला उभी राहून बघते आणि परत फिरते. काकांकडे जाऊन त्यांचा थिमेटचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवायला लावला. तो कुठे द्यायचा, फेकायचा कसा, हेही सांगा. शेतात पुरला तर?

पिंजऱ्यासाठी बांबू यावलच्या बाजारात बघणार आहे. अडुळशाच्या काड्या आता लावल्या तर जगतील का?

रावेरचे_नाना

डबा पुरायचा नाही, नाल्यात टाकायचा नाही, जाळायचाही नाही. झाकण घट्ट लावा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, वर 'विष' असं लिहा, कुलपात ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात जाऊन लेखी विचारा. पावती घ्या. काकांना सोबत न्या, म्हणजे त्यांना तुम्ही त्यांच्याविरुद्ध गेलात असं वाटणार नाही.

अडुळसा आता लावू नका, या उन्हात काडी वाळते. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की जून फांदीच्या वीतभर काड्या घ्या, निदान दोन पेरं मातीत गेली पाहिजेत, हात-हात अंतरावर दोन ओळी, दुसरी ओळ पहिलीच्या फटीसमोर. तोवर त्या बाजूला बोरीच्या काट्या टाकून ठेवा.

उंबराची फळं उन्हाळ्यात खोडालाच लगडतात. पिकून लाल झालेलं खाली पडलेलं फळ घ्या, पाण्यात कुस्करा, बी खसखशीएवढं बारीक असतं. तळाशी बसेल ते घेऊन सावलीत वाळवा. बारीक माती आणि शेणखताच्या परातीत वरवर पसरा, झाकू नका, ओल मोडू देऊ नका. पडवीत खाटेजवळ परात ठेवली तर सासूबाईंना बसल्या जागी पाणी शिंपडता येईल.